नरसव्वाचा रिकामा फुगा

वाचकहो, एकच विचारते. ज्या मुलीच्या तोंडी तुम्ही स्वतःच्या पेन्सिलीनं वाक्य लिहिलं होतं, तिनं पडद्यावर तोंड उघडलं आणि भलत्याच कुणाचं वाक्य बोलली, तेव्हा तुम्ही टाळ्या का वाजवल्यात?

सवडीनं उत्तर द्या. आधी मला अण्णांशी बोलायचं आहे. त्यांना जाऊन आज नववा दिवस, आणि आमचं भांडण मध्येच तुटलं आहे.

अण्णा, तुमची शोकसभा ठरली. येत्या रविवारी दुपारी चार वाजता, गुरुजींच्या शाळेच्या हॉलमध्ये. दोन भाषणं, एक हार, आणि मग तुमच्या सन्मानार्थ तो दहा मिनिटांचा हलत्या चित्रांचा सिनेमा. मुंबईहून रिळाचा डबा मागवला आहे. दुपारी अंधार कसा करायचा हा प्रश्न होता, तर खिडक्यांना चादरी बांधायचं ठरलं. म्हणजे तुम्ही काढलेले मोर बाहेरचा उजेड अडवणार, आणि आत तुमच्या चित्रातल्या नरसव्वाचा खून पुन्हा एकदा दाखवला जाणार. तुम्हाला हसू आलं असतं. तुम्हाला कशाचंही हसू यायचं, हाच तर तुमच्यावर माझा पहिला आक्षेप होता.

मी गुरुजींशी भांडायला गेले. त्यांनीच मला चौथीत शिकवलं, त्यामुळे त्यांच्यापुढे माझा आवाज अजूनही अर्धाच निघतो.

“माणूस गेल्यावर कसलं भांडण, पोरी?” ते म्हणाले. “आपल्या पेठेतल्या दुसऱ्या कुणाच्या चित्रांचा सिनेमा झालाय, सांग बघू.”

“सिनेमा झाला म्हणूनच भांडतेय.”

“लोकांना आवडला की. माझी नात ते गाणं दिवसभर म्हणते. धोटा नाचतो ते.”

ऐकताय ना? सात अंक, दोन वर्षं, आणि उरलं काय, तर मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या, डोळे लावलेल्या धोट्याचं गाणं.

तुम्हाला न ओळखणाऱ्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की तुम्ही साखर पेठेत चादरींच्या नक्ष्या काढायचात. चौकटीच्या कागदावर, एकेक चौकट रंगवत. मागावर नक्षी तशीच चौकटीचौकटीनं उतरते, म्हणून तुमच्या हाताला गोलाई माहीतच नव्हती. तुमच्या मोराची मानसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनी वर जायची. बाकीच्या वेळात तुम्ही आमच्या सायक्लोस्टाइलच्या अंकात ‘कांडी’ नावाची चित्रकथा काढलीत. माग चालतो त्या खोलीत, मागच्या भिंतीला टेकून धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणारी दहा वर्षांची नरसव्वा. चित्रं तुमची, शब्द माझे. निदान मला तसं वाटत होतं.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती पत्रकावर मूठ काढून घ्यायला. माझ्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील गिरणीच्या फाटकावर वाटायचे, उरलेल्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. मराठीतलं प्रत्येक लिखाण ‘बंधूंनो’ असं सुरू होतं आणि ‘झालाच पाहिजे’ असं संपतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तुम्ही मूठ काढून दिलीत. बोटांच्या जागी पायऱ्या.

“ही मूठ आहे की जिना?” मी विचारलं.

“जिनाच हाय. चढा की,” तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवसापासून मला पत्रकबाई म्हणायला लागलात. मी त्या नावावर चिडायचे. आता कुणी म्हणत नाही.

अण्णा, आपला तो पहिला अंक. मी आधी सगळ्यांना सांगत फिरले की रिकामा फुगा ही आमची कल्पना होती. खोटं. ती चूक होती, आणि आपण दोघांनी मिळून केली होती. शेवटच्या चित्रात नरसव्वा कांड्यांची टोपली कमरेवर घेऊन मालकाच्या टेबलापुढे उभी राहते. तिच्या डोक्यावर तुम्ही बोलण्याचा फुगा काढलात. त्यात भरायला मी वाक्य आणलं होतं. ‘या कारखान्यातील समस्त स्त्री व बाल कामगारांच्या वतीने’ अशी त्याची सुरुवात होती आणि तीस शब्दांनी ते संपत होतं.

तुम्ही कागद लांब धरून वाचलात. “एवढं बोलेपर्यंत मालक जेवून येईल की.”

“मग तुम्ही सांगा काय म्हणते ती.”

“म्हणती ती. पण तेलुगूत म्हणती. मराठीत मला अजून ऐकू येत न्हाय.”

“तेलुगूत काय म्हणते ते सांगा, मी मराठी करते.”

“तू केलं की त्याचं पत्रक हुतंय.”

यंत्र युनियनच्या कचेरीतून दोन तासांसाठी मागून आणलेलं. भांडता भांडता वेळ गेला. मेणाच्या कागदावर लोखंडी लेखणीनं ओढलेली रेघ, एकदा ओढली की ओढली. मी रागानं रोलर फिरवायला लागले आणि फुगा तसाच रिकामा छापला गेला. दुसऱ्या दिवशी वाचकांच्या तक्रारी आल्या, वाक्य छापायचं राहिलंय म्हणून. मला लाज वाटली. तुम्ही मात्र चहाच्या हॉटेलात एक प्रत पाहून पळत आलात. कुणीतरी फुग्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, “माझी आई कुटं हाय?”

पुढच्या सहाही अंकांत तुम्ही तो फुगा रिकामा ठेवलात. नरसव्वा प्रत्येक अंकाच्या शेवटी त्याच टेबलापुढे येऊन उभी राहायची, आणि लोक आपापल्या घरी तिला बोलतं करायचे. मी त्या प्रती बघत हिंडले. बोळातल्या एका बाईनं तेलुगूत एकच शब्द लिहिला होता, आकली, म्हणजे भूक. एका प्रतीत दख्खनीत होतं, “मेरेकू नींद आरी.” अक्कलकोटच्या एकानं कानडीत लिहिलं, मी आता येणार नाही म्हणून. मोडनिंबच्या एस.टी. थांब्यावरच्या हॉटेलात अंक भिंतीला चिकटवला होता आणि त्यातली नरसव्वा म्हणत होती, “आदी पंखा लावा की.” मला तो पोरकटपणा वाटला. तुम्ही मात्र ते वाक्य आठवडाभर लोकांना सांगत हसत होतात, आणि शेवटी म्हणालात, “ह्याला म्हाईत हाय मागाच्या खोलीत किती उकडतंय ते.”

माझ्या स्वतःच्या प्रतीत मी माझं तीस शब्दांचं वाक्य लिहून टाकलं. फुग्यात मावेना, बाहेर आलं. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, “फुगा फुटला, पत्रकबाई.”

मग हलत्या चित्रांचे सिनेमे काढणारे मुंबईचे साहेब आले. इथल्या नातेवाइकांकडे लग्नाला आले होते, तिथं त्यांना अंक दिसले. पांढरा शर्ट, हातात रंगीत नमुन्यांची वही. त्यांनी तुमच्यासमोर पानं उलटली. नरसव्वाचे गाल गोल. डोळे बशीएवढे. तुम्ही काळं कधी भरत नव्हतात, कारण मेणाच्या कागदावर काळं भरलं की कागद फाटतो. त्यामुळे आमची मागाची खोली सगळी पांढरी, चार रेघांची. त्यांनी ती गुलाबी केली होती. जिथं श्वास घेतला की कापूस आत जातो, ती खोली गुलाबी. मालकाला त्यांनी आजोबांच्या मिशा दिल्या होत्या.

मी फुग्याचं विचारलं. साहेब फार गोड बोलायचे. “ताई, रिकामा फुगा कागदावर ठीक. पडद्यावर तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही, तर लोकांना वाटेल मशीन बिघडलं. आरडाओरडा करतील.”

“करू द्या की,” मी म्हणाले. “तेच तर हवंय. जो तो आपलं वाक्य ओरडेल.”

साहेब तुमच्याकडे बघून हसले. आणि तुम्ही, अण्णा, तुम्हीही हसलात. त्यांच्या बाजूनं. ते हसू मी विसरलेली नाही. आज नवव्या दिवशीही तुम्हाला त्याची माफी नाही.

तुम्ही सही केलीत. बदल्यात काय मिळालं ते मी लिहीत नाही, कारण त्यासाठी तुम्ही केली नव्हतीत, हे तेव्हाही मला ठाऊक होतं. साहेब गेल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, का म्हणून. तुम्ही ब्रश धूत होतात.

“ती चालंल, पत्रकबाई.”

“काय?”

“सात अंक झाले, ती उभीच हाय. टोपली घेऊन. मला तिला चालताना बघायचंय.”

एवढंच. एवढ्यासाठी. मी तुम्हाला म्हणाले की तुम्ही बाहुली हलावी म्हणून तिचं तोंड शिवायला देताय. तुम्ही म्हणालात, “ते पण खरं हाय.” तुमच्याशी भांडण करणं म्हणजे उशीवर बुक्की मारणं होतं. दुसरा कुणी असता तर उलट बोलला असता, मीही बोलले असते, आणि काहीतरी तुटलं असतं किंवा जुळलं असतं. तुम्ही प्रत्येक वेळी मला खरं ठरवलंत आणि हवं ते केलंत.

टॉकीजला मुख्य सिनेमाच्या आधी तो दाखवला गेला. सकाळच्या खेळाला आपण दोघं शेजारी बसलो. काय पाहिलं ते पुन्हा सांगते, कारण गुरुजी म्हणतात लोकांना आवडला. आधी गुलाबी खोली. मग धोटा, त्याला पापण्या, तो गाणं म्हणत मागावरून उड्या मारतो. आपल्याकडे एक म्हातारा तुमच्या शेजारीच राहायचा, धोटा उडून त्याचा डोळा गेला होता. तो धोटा इथं डोळा मारत होता. मी मोठ्यानं हसले. लोकांना वाटलं मला मजा येतेय. मग नरसव्वा भिंतीपाशी उठली, टोपली कमरेवर घेतली, चार पावलं चालली आणि टेबलापुढे उभी राहिली. तिनं तोंड उघडलं. मुंबईच्या कुठल्याशा बाईनं लहान मुलीचा आवाज काढून, शुद्ध, स्वच्छ, साय लावलेल्या मराठीत म्हटलं, “मालककाका, मला पाटी द्याल ना?” मालककाकांनी पाटी दिली. सगळे नाचले. मालकसुद्धा. आणि टॉकीज टाळ्यांनी भरलं.

ज्यांच्या घरात आपल्या अंकाच्या प्रती होत्या, ते लोक टाळ्या वाजवत होते, अण्णा. तो बोळ, ती आकली लिहिणारी बाई, सगळी. स्वतः लिहिलेलं वाक्य विसरायला त्यांना दहा मिनिटं पुरली.

मी तुमच्याकडे वळले. तुम्ही खुर्चीचा दांडा धरून बसला होतात. म्हणालात, “चार पावलं बरोबर हुती.”

तुम्हाला झाडायला मी तयारच होते, आणि तुम्ही हे बोललात. मी उठून बाहेर आले. दोन दिवसांनी पत्रक काढलं. ‘ज्या बापाने मुलगी विकली त्याला जाब विचारा.’ शब्द माझे, सगळे माझे, आणि या वेळी फुग्यात मावायची अट नव्हती. टॉकीजच्या दारात उभी राहून ते वाटत होते. तुम्ही आलात. तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. मी तुम्हालाही एक दिलं. मुद्दाम, हात लांब करून. तुम्ही उभ्या उभ्या वाचलंत, चार घड्या केल्यात आणि खिशात ठेवलंत.

“शाई जास्त लागलीय,” म्हणालात. “रोलर हलका फिरवत जा.”

तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं हे आहे. पुढचे चार महिने मी तुमच्या बोळातून जायचे आणि माडीवरचा खोकला ऐकायचे. जिना बारा पायऱ्यांचा होता. मी चढले नाही. माझं म्हणणं होतं की माणूस आजारी पडला म्हणून त्याची चूक बरी होत नाही. ते आजही माझं म्हणणं आहे. पण ते मी वर येऊन, तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

तुम्ही गेल्यावर चढले. वदिना, तुमची बायको, पेटीपुढे बसली होती. तुमच्याकडे थोरल्या भावाच्या बायकोला वदिना म्हणतात, ते मला तुम्हीच शिकवलंत. तिनं मला पाणी दिलं. मग पेटीतून चौकटीच्या कागदांची गुंडाळी काढून माझ्यासमोर सोडली. कागदावर नरसव्वा. पुढच्या कागदावर नरसव्वा, पाय जरासा उचललेला. पुढच्यावर आणखी जरासा. पन्नासएक कागद. पायऱ्यापायऱ्यांची, टोकदार कोपराची, आपली नरसव्वा, टोपली घेऊन चार पावलं चालणारी.

“ह्याची नक्कल मुंबईला पाठवली,” वदिना म्हणाली. “साहेबांना म्हणाले, बाकी तुमी काढा, चालणं माझं घ्या. महिनाभर मला चालायला लावलं. हितनं तितं, तितनं हितं. टोपली घेऊन. मी म्हटलं, मी म्हातारी, ती पोरगी. म्हणाले, तू पन दहा वर्षांचीच हुतीस कांड्या भरताना.”

वदिना उठून पेटी लावायला गेली आणि मला दिसलं. कांड्या भरताना घडी घालून बसून बसून डावा पाय आखडलेला. उजवं पाऊल पडतं, डावं जरा मागून येतं. टॉकीजमध्ये पडद्यावर ते तसंच आलं होतं. गुलाबी खोलीत, बशीएवढ्या डोळ्यांखाली, त्या चार पावलांत डावा पाय मागून आला होता. आणि अण्णा, मी ते तेव्हाच पाहिलं होतं. ओळखलंही होतं. माझ्या आईचाही पाय तसाच पडतो. तुम्ही ‘बरोबर हुती’ म्हणालात तेव्हा मला माहीत होतं की बरोबर होती, आणि मी तुम्हाला हो म्हटलं नाही. पत्रकात त्याला जागा नव्हती.

“तुम्ही पाहिलात की नाही सिनेमा?” मी वदिनाला विचारलं.

“कुटनं? नेलं हुतं एकदा. नवं लुगडं नेसले. मला चौकात लिंबाखाली उभी केली आणि तिकिटं काढायला गेले. परत आले, म्हणाले, लई गर्दी हाय आज, नंतर बघू. शुक्रवारी तो उतरला.”

कुठला दिवस होता तो, मी विचारलं नाही. वदिनानं आणखी एक वस्तू दाखवली, कोनाड्यातली. चार घड्यांचं पत्रक. तिला वाचता येत नाही. तिनं ते जपून ठेवलं आहे, कारण ते तुमच्या खिशात होतं. मी वाचून दाखवलं नाही. तो भ्याडपणा आहे आणि मी तो इथं लिहून ठेवते.

पत्रकाखाली तुमचा सातवा अंक होता. मी घाईनं शेवटचं पान उलटलं. वाटलं, निदान इथं तरी तुम्ही तिचं तेलुगू वाक्य लिहिलं असेल. फुगा कोरा होता. पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही. म्हणजे चित्रं काढणारा माणूसही स्वतःच्या मुलीच्या तोंडी काही कोंबायला धजला नव्हता, आणि साहेबांना मात्र तुम्ही ते करू दिलंत. याचा मेळ मला लागत नाही. लागला असता तर हा लेख इतका लांबला नसता.

निघताना वदिना म्हणाली, “आयतवारी दावनार हायत म्हणं. मी चाललीय त्यात. मला बघायचंय.”

मी रविवारच्या बहिष्काराचं पत्रक लिहून ठेवलं होतं. चांगलं झालं होतं. ते फाडलं. मी दारात उभी राहिले तर वदिना दुसऱ्यांदा परत जाईल. पण गप्प बसले तर त्या बाईचा सायीचा आवाज पुन्हा एकदा आपल्या पोरीच्या तोंडून येईल, गुरुजी डोळे पुसतील, आणि या गावात यापुढे नरसव्वा म्हटलं की पाटी मागणारी ती गुलाबी बाहुलीच राहील. अंक पुन्हा छापायला मूळ कागद आमच्याकडे नाहीत. मेणाचे कागद छपाईतच संपतात. तुमची नरसव्वा आता फक्त लोकांच्या घरात आहे, ट्रंकांत, भिंतींवर, डब्यांच्या तळाशी, प्रत्येकीच्या फुग्यात कुणाची तरी पेन्सिल.

म्हणून वाचकहो, तुमच्याकडे वळते. टाळ्यांचं उत्तर द्यायची वेळ तुम्हाला रविवारी चारला मिळणार आहे. सभेला या. तुमच्या घरातली प्रत शोधा, फाटकी असली तरी आणा, फुग्यातलं काही खोडू नका, सुधारू नका. सिनेमा सुरू झाला की धोट्याला हवं तेवढं नाचू द्या. नरसव्वा भिंतीपाशी उठेल तेव्हा मात्र कुणी खोकूसुद्धा नका. ती चार पावलं अण्णांची आहेत, आणि जिची आहेत ती पहिल्या रांगेत बसलेली असेल.

मग ती टेबलापुढे उभी राहील आणि तोंड उघडेल. त्या क्षणी तुम्ही तुमच्या फुग्यातलं वाक्य म्हणा. तेलुगूत, कानडीत, दख्खनीत, जसं लिहिलं असेल तसं, सगळ्यांनी एकदम. मोडनिंबचे तुम्ही आलात तर पंख्याचं जरूर म्हणा. माझं तीस शब्दांचं मी तीन शब्दांवर आणलं आहे, मालक जेवायला उठायच्या आत बोलून होईल. मुंबईच्या त्या आवाजातलं एक अक्षर वदिनाच्या कानावर पडता कामा नये, एवढ्या मोठ्यानं बोला.